सिस्टरांचं प्लॅनिंग

सिस्टर गेल्या त्या सकाळी त्यांच्या गोळ्यांची पुडी आमच्या काउंटरवर तयार होती. भोकरदनला बसस्टँडच्या रस्त्यावर आमचं औषधांचं दुकान आहे. मी आणि माझा नवरा माधव, दोघं मिळून चालवतो. वर घर, खाली दुकान. गोळ्या संपल्या की धापा टाकत येणारी माणसं आम्ही दिवसभर बघतो. पान अर्धं उरलेलं असतानाच पुढचं घेऊन ठेवणारं गिऱ्हाईक मात्र एकच, रिटायर झालेल्या सरकारी नर्स, कौसल्या सिस्टर. "संपल्यावर आणायचं त्याला धावपळ म्हणत्यात, संपायच्या आधी आणायचं त्याला प्लॅनिंग," असं त्या मला दर खेपेला सुनवायच्या, आणि मी दर खेपेला पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान हलवायची. त्या सकाळी फोन आला तो त्यांच्या मुलाचा. नोकरीला पुण्यात असतो, आईचं दुखणं वाढलं म्हणून आलेला होता. "ताई, आई गेली... चहा घेतला, म्हणाली जरा पडते, आणि..." मी एका हातानं फोन धरला होता आणि दुसऱ्या हातानं, का कोण जाणे, ती पुडी गल्ल्यामागं सरकवून ठेवली. जणू कुणी उचलून नेईल. अजून तिथंच आहे ती. माधवनं एकदा विचारलं, ठेवायची का? मी तिच्यावरची धूळ पुसली आणि परत तिथंच ठेवली.

प्लॅनिंग हा शब्द इंग्रजी आहे असं पिंपळगाव रेणुकाईकडच्या जुन्या बायकांना सांगितलं तर त्या तुमच्याकडं संशयानं बघतील. त्यांच्या लेखी तो शब्द सिस्टरांनी आणला. पिशवीत लोहाच्या गोळ्या, खांद्यावर लशीचा डबा आणि तोंडात हा शब्द घेऊन ही पांढऱ्या साडीतली बाई वाड्यावस्त्यांवर पायी हिंडायची. तेव्हा या शब्दाला एकच अर्थ होता. "हिचं प्लॅनिंग झालं" म्हणजे ऑपरेशन झालं, पाळणा थांबला, विषय संपला. कुणाचं झालं, कुणाचं राहिलं, याची चर्चा विहिरीवर मोठ्या चवीनं चालायची. पोरं लांबून ओरडायची, "प्लॅनिंगवाली आली रेऽऽ" की दोन लेकरांच्या आया गोठ्यात जाऊन लपायच्या आणि सात लेकरांच्या आया उलट दारात येऊन उभ्या राहायच्या. आपलं नाव कौसल्या आहे हे त्या काळात फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं, असं सिस्टर म्हणत.

त्यांची कामाची एक रीत होती. घरात शिरल्यावर सुनेकडं बघायचंसुद्धा नाही. सरळ सासूजवळ बसायचं. सासू ज्वारी निवडत असेल तर दुसरं सूप ओढायचं, शेंगा सोलत असेल तर पुढ्यातला ढीग अर्धा करायचा. पहिल्या खेपेला विषय गुडघ्यांचा. दुसऱ्या खेपेला लेकीच्या सासरचा. तिसऱ्या खेपेला उठता उठता एखादं वाक्य टाकायचं, "सूनबाईचा चेहरा लई उतरलाय बगा," आणि निघून जायचं. चौथ्या खेपेला सासूच म्हणायची, शिष्टर, जरा बसा, बोलायचंय. मी एकदा म्हटलं, ही तर राजकारण्याची चाल झाली. त्या म्हणाल्या, "राजकारणी शेंगा सोलतो का?"

सगळी घरं मात्र त्यांना सूप ओढू देत नसत. सिस्टर बौद्ध समाजातल्या. काही घरांत त्यांना ओसरीच्या काठावर बसवत, पाणी वरून ओतत, चहाचा कप कोनाड्यात वेगळा असे. म्हणून त्यांच्या पिशवीत कायम स्वतःचा स्टीलचा पेला असायचा. "आपलं पाणी आपल्याजवळ. कुणाला अवघड नको, आपल्याला अपमान नको. हे बी प्लॅनिंगच," असं त्या हसून सांगायच्या. मला हसू यायचं नाही, कारण अशा घरांपैकी एक घर आमचं होतं. कोनाड्यातला तो बिनदांडीचा कप मी नवी नवरी म्हणून पिंपळगावला आले तेव्हासुद्धा तिथंच होता. पुढं दुकान काढून आम्ही सासूबाईंसकट भोकरदनला आलो.

माझ्या सासूबाई, कमळाबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. एक मुलगा आणि एक मुलगी झाल्यावर आत्याबाईंचं प्लॅनिंग सिस्टरांनीच केलेलं. मुलगा म्हणजे माधव. लग्नाला वर्षं होत गेली आणि आम्हाला मूल होईना, तसा आत्याबाईंच्या मनात त्या जुन्या ऑपरेशनचा राग पुन्हा वर आला. "अजून एक लेक असता तर त्याला तरी झालं असतं. त्या प्लॅनिंगवालीनं माझं घर बंद केलं." हे त्या माझ्यासमोर बोलायच्या. मला बोल लावायच्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण म्हणायचं की माझं नशीब, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण वांझ हा शब्द तोंडात न आणता तो घरभर फिरवता येतो, एवढं मी शिकले.

दुकानाच्या काउंटरवर उभं राहिलं की एक शब्द किती कपडे बदलतो ते दिसतं. प्लॉट विकणारा मोबाइलवर ओरडत असतो, टाऊन प्लॅनिंगमधून पास झालेला आहे साहेब, डोळे झाकून घ्या. कॉलेजची पोरं डोकेदुखीची गोळी घेता घेता ठरवतात, रविवारचा प्लॅन काय. दोन भावकीत मारामारी झाली की जखमेला पट्टी मागणारा सांगतो, त्यांनी प्लॅनिंग करूनच मारलं. लग्नाचं, तेराव्याचं, सगळ्याचं आता प्लॅनिंग असतं, आणि तरीही वरण कमी पडतंच. सिस्टर बाकावर बसून हे सगळं ऐकायच्या आणि खूश व्हायच्या. "माझा शब्द लई मोठा झाला गं. घर सोडून गेला." पण सगळ्यांत मोठी उलटापालट झाली ती नव्या जोडप्यांत. आताच्या मुली काउंटरवर हळूच म्हणतात, "ताई, आम्ही प्लॅनिंग करतोय," आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मागतात. म्हणजे पूर्वी प्लॅनिंग म्हणजे मूल थांबवणं, आता प्लॅनिंग म्हणजे मूल आणणं. हे ऐकलं तेव्हा सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आणि मी? मी ती गोळी त्या मुलींच्या हातात ठेवायची, वर गर्भतपासणीची पट्टी कशी वापरायची तेही समजावून सांगायची. त्यातल्या किती जणी पुढं लेकरू कडेवर घेऊन तापाचं औषध न्यायला यायच्या. संभाजीनगरच्या दवाखान्यांत आमच्या चकरा चालूच होत्या. इंजेक्शनं, तपासण्या, पुन्हा इंजेक्शनं. गावभर मला एकच प्रश्न होता, "मग, पुढचं प्लॅनिंग काय?" तो ज्यानं विचारला नाही असं एकच माणूस होतं, सिस्टर, आणि त्यांचा तर सगळा जन्म तोच प्रश्न विचारण्यात गेलेला. म्हणून एका दुपारी दुकान रिकामं असताना मीच त्यांना विचारलं. म्हटलं, सिस्टर, तुम्ही मला कधीच काही म्हणत नाही. त्यांनी पिशवीतून पेला काढला, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "तुला आई व्हायचंय का बाळंत व्हायचंय?"

मला रडूच आलं... काउंटरच्या मागं, औषधांच्या खोक्यांमध्ये बसून मी रडले. त्या उठून आल्या नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही. बाकावरूनच म्हणाल्या, "दोन्ही येगळं हाये, बाळ. बाळंत हुणं आपल्या हाती न्हाई. आई हुणं हाये. आधी ते ठरव, मंग प्लॅनिंग करू."

दत्तक. हा शब्द आमच्या घरात तोवर कुणी उच्चारलेला नव्हता. माधवला मी सांगितलं तेव्हा तो हातातलं खोकं खाली ठेवून म्हणाला, "मी किती दिवसांपासून तुला विचारू म्हणत होतो." नवरा-बायकोचं हे असं असतं. नाव नोंदवलं, कागद जमवले. पण त्यात एक गोष्ट अशी होती की दत्तक संस्थेच्या बाई चौकशीला घरी येणार आणि घरातल्या प्रत्येकाशी बोलणार, म्हणजे आत्याबाईंशी. आत्याबाईंना सांगितल्यावर त्यांनी ताट बाजूला सारलं. "कुणाचं रगत, कुणाचं पोर... माझ्या जिवंतपणी न्हाई." माधव वाद घालायला गेला, मी त्याला अडवलं. सगळं तिथंच थांबलं असतं. चौकशीत आत्याबाई नाही म्हणाल्या असत्या तर कागदांचं काय झालं असतं मला माहीत नाही, पण आमच्याकडूनच ते पुढं गेलं नसतं. लेकरू आणायचं ते नको असलेल्या घरात का आणायचं?

मी सिस्टरांना काही सांगितलं नव्हतं. माधवनं सांगितलं असावं. एक दिवस त्या जिना चढून वर आल्या. गुडघे कुरकुरत होते, मधे दोनदा थांबल्या. आत्याबाई स्वयंपाकघरात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. इतकी वर्षं सिस्टर दुकानाच्या बाकापर्यंतच यायच्या, वर कधी नाही. आत्याबाईंनी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. सिस्टर खाली बसल्या, पुढ्यातला ढीग अर्धा केला आणि शेंगा सोलायला लागल्या. त्या दिवशी विषय गुडघ्यांचा. दुसऱ्या खेपेला विषय माझ्या नणंदेच्या सासरचा. मला मनातल्या मनात गंमत वाटत होती, आता तिसऱ्या खेपेला उठता उठता वाक्य टाकणार. पण तिसऱ्या खेपेला सिस्टरांनी आपली रीत मोडली.

मी भाकरी थापत होते. सिस्टर शेंगेवरून नजर न उचलता म्हणाल्या, "कमळाबाई, तवा तुमी म्हणाल्या होत्या, अजून एक होऊ द्या, मंग येते. आठवतं का?"

आत्याबाईंनी पुढची शेंग उचलली.

"मार्च आल्ता. वरून तगादा होता, अपरेशनच्या केसा आणा, केसा आणा. मी तुमच्या सासऱ्याशी बोलले, मालकाशी बोलले. तुमच्याशी बोललेच न्हाई. तुमी थांबा म्हणाल्या, मी थांबले न्हाई. माझं चुकलं."

तव्यावरची भाकरी करपली, मला कळलंच नाही. आत्याबाईंनी हातातली शेंग पूर्ण सोलली, दाणे टोपल्यात टाकले. मग म्हणाल्या, "मी जीपमधी रडत व्हते. तुमी पुढं बसल्या व्हत्या. एकडाव मागं वळून बगितलं न्हाई."

"बगितलं असतं तर उतरवावं लागलं असतं."

मला वाटलं, आता आत्याबाई उठून जातील, कायमचं बोलणं तुटेल. त्या उठल्या खऱ्या, पण मला ओट्यापासून सरकवून त्यांनी चहाचं आधण ठेवलं. आम्ही रोज पितो त्याच कपांपैकी एक घेऊन, बशीसकट, सिस्टरांच्या पुढ्यात ठेवला. सिस्टरांनी कपाकडं बघितलं, मग आत्याबाईंकडं. फुंकर घालून प्यायल्या. मी इथं त्याचं फार काही करणार नाही. एवढंच, की पिशवीतला तो पेला त्यानंतर आमच्या घरात कधी बाहेर निघाला नाही.

चौकशीच्या बाई आल्या त्या दिवशी मी पहाटेपासून घर पुसत होते. तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. आमचं दोघांचं झाल्यावर त्या आत्याबाईंकडं वळल्या आणि म्हणाल्या, "आजी, हे मूल घरात यावं असं तुम्हाला वाटतं का? अगदी मोकळेपणानं सांगा." आत्याबाईंनी पदर नीट केला. मी माधवचा हात घट्ट धरला होता. आत्याबाई म्हणाल्या, "बाई, मला आजवर कुणी काई इचारलंच न्हाई. लगीन ठरलं तवा न्हाई, लेकरं झाली तवा न्हाई, अपरेशन केलं तवा न्हाई. तुमी पैल्यांदा इचारून राह्यल्या." मग जरा थांबून, "लिवा. हाव म्हून लिवा." त्या बाईंनी लिहिता लिहिता चष्मा काढून पुसला. खाली दुकानाच्या बाकावर सिस्टर बसून होत्या. मी धावत जाऊन सांगितलं, तर म्हणाल्या, "मला काय सांगती, माझी केस हाये ती."

त्यानंतर वाट बघणं. दत्तकातली वाट ही पोटातल्या वाटेसारखी नसते, तिला महिने ठरलेले नसतात. सिस्टर म्हणाल्या, रिकामं कशाला बसायचं. त्यांनी ट्रंकेतून आपल्या नोकरीतल्या पांढऱ्या साड्या काढल्या. धुवून धुवून सायीसारख्या मऊ झालेल्या. त्यांची दुपटी करायला घेतली. या भागातल्या अर्ध्या लेकरांना जन्मल्या जन्मल्या त्यांनीच गुंडाळलेलं, त्यामुळं माप हातात बसलेलं. पट्टी नाही, टेप नाही. हात पसरायचा, कात्री मारायची. आत्याबाई बघून म्हणाल्या, "समदं पांढरं काहून? लेकराला रंग नगं का?" आणि स्वतःच्या जुन्या लुगड्यांचे काठ उसवून दिले. मग काय, दुपारी दुकानाला टाळं असलं की वर दोघींची बैठक. सिस्टर कापणार, आत्याबाई काठ लावणार, आणि दोघी मिळून गावातल्या झाडून सगळ्यांची निंदा करणार. जीपमधला तो दिवस मिटला होता असं मी म्हणणार नाही. एकदा दोरा तुटला तेव्हा आत्याबाई पुटपुटल्या, "तुमच्या हाताला घाईच लई, तवापासून." सिस्टरांनी ऐकून घेतलं आणि दोरा पुन्हा ओवला.

दरम्यान आम्ही दोघांनी अर्जात बदल केला होता. तान्ह्या बाळासाठी रांग फार मोठी. थोडं मोठं मूल चालेल का, असं आम्हाला विचारलं गेलं. आम्ही हो म्हटलं. घरात सांगितलं, सिस्टरांनाही सांगितलं, अगदी वयासकट. "बराबर केलं," त्या म्हणाल्या, "मोठ्या लेकराला कोण बगतं?" आणि हात पसरून पुढचं दुपटं कापलं. तेवढंच. मी बघत होते, आत्याबाई बघत होत्या, कुणाच्याच डोक्यात आलं नाही. लेकरू येणार म्हटल्यावर त्या हाताला दुसरं माप ठाऊकच नव्हतं, आणि आम्हाला त्या हातावर शंका घ्यायची सवय नव्हती.

मग सिस्टरांच्या छातीत पाणी झालं. जालन्याला दवाखान्यात राहिल्या, घरी आल्या, पण आवाज बारीक झाला, पायांवर सूज. मुलगा पुण्याला चल म्हणायचा. "आता माझी एक केस बाकी हाये," असं सांगून त्यांनी त्याला टोलवलं. आणि त्याच दिवसांत दत्तकाचा फोन आला. मुलगी. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका संस्थेत असलेली, जाई नावाची. मोबाइलवर फोटो आला तो मी आणि आत्याबाई घेऊन सिस्टरांच्या घरी गेलो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. चष्मा लावला, मोबाइल जवळ नेला, लांब नेला. फोटोत जाई भिंतीला टेकून उभी होती, दोन शेंड्या, गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक, पुढचा एक दात पडलेला. सिस्टर किती वेळ बघत राहिल्या. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या दुपट्यांच्या थप्पीकडं गेली. पुन्हा फोटोकडं. आणि अचानक हसायलाच लागल्या. "अगं बया! ही तर शाळंत जायाची! हिला मी दुपट्यात गुंडाळू का काय?" आत्याबाईंनी कपाळाला हात लावला आणि त्याही हसायला लागल्या. मीही. सिस्टरांचा मुलगा आतून धावत आला, काय झालं म्हणून. तिघी हसून हसून डोळे पुसत होतो, आणि माझं हसणं कुठं संपलं आणि रडणं कुठं लागलं ते मला कळलं नाही. इतकी दुपटी, इतक्या दुपारी... आणि त्यातलं एकही तिच्या अंगाला पुरणार नव्हतं.

श्वास जागेवर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आना हिकडं. प्लॅनिंग बदलू." दुपटं दुपट्याला जोडून गोधडी करायची. आत्याबाई लगेच म्हणाल्या, समदी जोडून एकच मोठी करू, जन्माची काळजी मिटली. सिस्टरांनी मान हलवली. "न्हाई. मोठ्या माणसाची गोधडी लेकराला दिली तर लेकरू तिच्यात हरवून जातं. आत्ता तिच्या मापाची करा. बाकीची ठेवा. पाय उघडे पडाया लागले की एक जोडा. फिरून पडले की फिरून एक." मग थांबून, दम घेऊन, "पोरगी वाढणार हाये ना आपल्याकडं? मंग सामान आधी पायजे."

पहिल्या जोडाचे काही टाके त्यांनी स्वतः घातले. वाकडे पडले. आत्याबाईंनी ते उसवले नाहीत. जाईला आणायची तारीख ठरत होती तेवढ्यात ती सकाळ आली, जिच्यापासून मी सुरुवात केली. त्यांच्या समाजातल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या, मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. आत्याबाईंना त्यातला एक शब्द येत नव्हता. त्या हात जोडून पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि सगळ्यांचं म्हणून झाल्यावरसुद्धा हात तसेच होते. घरी येऊन म्हणाल्या, "आता मी भांडू कुणाशी?"

जाई आली. सुरुवातीचे दिवस ती उशाशी चपला घेऊन झोपायची. ताटातली अर्धी पोळी फ्रॉकच्या खिशात जायची. माधव म्हणाला, अगं राहू दे, संध्याकाळी ताजी मिळेल, तर तिनं खिसा मुठीत धरला. ही सिस्टरांच्या पंथातली, मला वाटलं. संपायच्या आधी ठेवून देणारी. पण सिस्टरांचं ठेवणं भरवशाचं होतं, आणि हिचं भीतीचं. मला ती मॅडम म्हणते, संस्थेत मोठ्या बाईला मॅडमच म्हणायचे. मी दुरुस्त करत नाही. लागतं मनाला... खोटं कशाला बोलू, रोज लागतं. पण तिला विचारल्याशिवाय तिच्या तोंडात शब्द घालायचा नाही, हे मी दोन म्हाताऱ्यांकडून चांगलं शिकले आहे.

परवा दुपारी आत्याबाई कपाट आवरत होत्या आणि उरलेल्या दुपट्यांची थप्पी खाली आली. जाईनं विचारलं, ही कुणाची? आत्याबाईंनी तिला गोधडी दाखवली, वाकडे टाके दाखवले. म्हणाल्या, एक शिष्टर आज्जी व्हती, तिनं तुझ्यासाठी करून ठेवली. तू वाढली की ह्यातलं एक हिला जोडायचं. जाई थप्पीकडं बघत राहिली. तिनं वरचं दुपटं उचललं, खालचं बघितलं, त्याच्या खालचं बघितलं, अगदी तळापर्यंत.

"मी वाढले की एक?"

"हाव."

"आणि अजून वाढले की?"

"अजून एक."

"मग..." ती अडखळली. माझ्याकडं बघितलं, पुन्हा आत्याबाईंकडं. "मग मी इथंच वाढणार आहे?"

आत्याबाईंनी तिला जवळ ओढलं. हो मीच म्हणाले. नीट ऐकू यावं म्हणून दोनदा म्हणाले.

आज सकाळी चपला तिच्या उशाशी नव्हत्या, दारात होत्या, आमच्या चपलांच्या रांगेत. आणि हे लिहायला बसले तर आतून हाक आली. जाऊन बघते तर बाईसाहेब गोधडी हनुवटीपर्यंत ओढून आडव्या, आणि अंग खाली सरकवून, ताणून ताणून, दोन्ही पाय बाहेर काढलेले.

"मॅडम, बघा ना. पाय उघडे पडले."

मी सुई शोधायला उठले.